वळवाच्या सरीनंतरचा अर्धा तास : माळावर पहिल्यांदा पक्षी बघायला निघताना

पक्षी बघायचे तर थंडीत, भल्या पहाटे आणि पाणवठ्यावर, असं नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. त्यात चूक काही नाही. डिसेंबर-जानेवारीत भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर किंवा पुण्याजवळ कवडीपाटला गेलं, की दूरदेशाहून आलेली बदकं समोरच्या पाण्यात बसलेली दिसतात. तरीही सुरुवात कधी करू असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते : वैशाखात कर. गावाकडच्या माळावर जा, आणि आज वळीव येईल असं वाटतंय अशा दिवशी जा.

थंडीतले पाहुणे तोवर परतलेले असतात. उरतात ते घरचे पक्षी, आणि ओळख आधी घरच्यांशी व्हावी. याच दिवसांत त्यांच्या अंगावर विणीच्या हंगामाचे रंग चढलेले असतात. नर मोकळ्या फांदीवर बसून तासन् तास गातात, त्यामुळे शोधायला सोपे. बाभळी-बोरींची पानं विरळ झालेली असतात. शिवाय पावसाची एक सर माळावर जे घडवून आणते, ते थंडीच्या सबंध मोसमात बघायला मिळत नाही. त्याकडे पुढे येऊच.

हे सगळं मी सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यातल्या अनुभवावर लिहिते आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, मुरमाड टेकाडं, मधूनच ओढे आणि पाझर तलाव. कोकणात किंवा विदर्भातल्या जंगलात पक्षी थोडे वेगळे असतील, पण बघण्याची रीत तीच.

वाट कशी निवडायची

लांबची वाट निवडू नका. दोन-अडीच किलोमीटर पुष्कळ झाले, तेही तीन तासांत. नवखे लोक चालतात फार आणि थांबतात कमी. वाट निवडताना मी एकच गोष्ट पाहते : त्या थोडक्या अंतरात जागा किती तऱ्हांच्या येतात. गावाच्या वेशीजवळचे वड-पिंपळ-उंबर, मग ओढा, ओढ्याकडेची करंज आणि बाभूळ, पुढे नांगरून ठेवलेली रानं, त्यांच्या वर उघडा माळ आणि शेवटी एखादा आटत आलेला पाझर तलाव. या प्रत्येक जागेचे पक्षी निराळे असतात. उंबरावर दिसणारा हरियाल माळावर दिसणार नाही, आणि माळावरचा चंडोल उंबरावर येणार नाही. हरियाल हा आपला राज्यपक्षी. उंबर किंवा वड पिकला असेल, तर त्याच्या हिरव्या-पिवळ्या अंगामुळे तो पानांत असा मिसळून जातो, की थवा उडेपर्यंत झाडावर वीस पक्षी होते हे कळत नाही.

वेळ दुपारी साडेतीन-चारची धरा. दिवसभर जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वर चढते आणि ढगांचे डोंगर उभे राहतात, म्हणून वळीव बहुधा दुपारनंतरच येतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी तीन तास राहतात. वाट अशी आखा, की परतीचा प्रवास पूर्वेकडे होईल. सायंकाळचं ऊन मग तुमच्या पाठीशी असेल आणि पक्ष्याच्या अंगावर पडेल. उन्हाकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

शेतातून जायचं असेल तर रानात माणूस दिसल्यावर आधी राम राम करा, कशासाठी आलो ते सांगा आणि बांधावरून जाऊ का म्हणून विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट, ‘ताई, त्या विहिरीवर बघा, घुबाड हाय’ असं सांगणारी माणसं भेटली आहेत. विहिरीच्या कपारीतला तो बहुतेक पिंगळा असतो. आणखी एक. आपल्याला हवाहवासा वाटणारा हाच पाऊस शेतात काढून ठेवलेला कांदा भिजवतो, आंबा झाडतो. काल गारा झाल्या असतील तर समोरच्या माणसाचं नुकसान झालेलं असू शकतं, हे ध्यानात ठेवून बोला.

पिशवीत काय असावं

दुर्बीण. बाकी सगळ्याशिवाय चालेल, पण दुर्बिणीशिवाय पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. विकत घ्यायची घाई नको, पहिले चार-सहा फेरफटके कुणाची तरी मागून आणा. घ्यायची झाली तर तिच्यावर लिहिलेले दोन आकडे नीट समजून घ्या. ८ × ४२ याचा अर्थ, वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं, की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते : इथे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणारी १० × २५ घेतली, तर हाच झोत अडीच मिलिमीटरचा होतो. भर उन्हात आपली बाहुली आकसलेली असते, त्यामुळे दोन्हींत फरक जाणवत नाही. पण ढग दाटून आले, की बाहुली मोठी होते आणि छोट्या दुर्बिणीतून सगळं अंधारलेलं दिसू लागतं. वळवाच्या दिवसांत आपल्याला नेमकं ढगांखालीच बघायचं आहे. दहापट मोठं दिसलं म्हणजे चांगलं, हाही समज सोडा. हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. सुरुवातीला आठपटच बरी.

ती वापरायची कशी, हे दुकानात क्वचितच सांगतात. आधी उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी उजव्याला स्पष्ट करा. ही कडी तुमच्या डोळ्यांसाठी एकदाच लावायची, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, दुर्बीण तशीच उचलून डोळ्यांना लावा. खाली बघून दुर्बीण शोधलीत तर वर बघेपर्यंत फांदी हरवते. घरी गच्चीवरून समोरच्या तारेवरच्या पारव्यांवर दोन दिवस सराव केलात, तर माळावर पुष्कळ त्रास वाचेल.

वही छोटी आणि सोबत शिसपेन्सिल. पेनची शाई पहिल्याच थेंबाला पसरते. मोबाइल आणि वही ठेवायला दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एक मऊ सुती फडकं, पाणी, टोपी. कपडे मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे. पांढरं नको, माळावर ते लांबून चमकतं.

बुटांविषयी जरा जास्त सांगते. काळ्या रानात पाऊस पडल्यावर पाय घातलात, तर दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलो-किलोची माती चिकटते आणि चालणं अशक्य होतं. म्हणून पाऊस झाल्यावर मुरमाड वाटेनंच चला, वाफ्यात उतरू नका. बूट घोटा झाकणारे असावेत. कुसळं टोचत नाहीत हे एक, आणि या मुलखात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, हे दुसरं. गवतात पाय टाकण्याआधी तिथे नजर टाका, दगड उलटू नका, आणि पक्ष्याकडे बघत बघत चालू नका. बघायचं तर थांबून, चालायचं तर खाली बघून.

पहिला तास : आधी कान

वेशीजवळच्या मोठ्या झाडाखाली पोचलात की दहा मिनिटं बसा. काहीच शोधू नका, ऐका. तांब्याच्या भांड्यावर कुणी संथ लयीत ठोके देतंय असा टुक् टुक् टुक् आवाज येईल. तो तांबट. चिमणीहून थोडासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. आवाज एका दिशेने येतोय असं वाटतं आणि तो असतो दुसरीकडे, कारण गाताना तो मान इकडेतिकडे वळवतो. शेंड्याच्या वाळक्या फांदीवर शोधा.

कोकीळ तर सगळ्यांच्या ओळखीचा. पण ‘कोकिळा गाते’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि गातो तो नर. तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि ती ‘किक् किक् किक्’ असा तिखट आवाज करत कावळ्याच्या घरट्याच्या आसपास घुटमळते. अंडी तिथेच घालायची असतात तिला.

मग कान लावा पावशासाठी. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ हे शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी त्याच्या तोंडी घातले, आणि एकदा ऐकलं की दुसरे शब्द ऐकूच येत नाहीत. इंग्रजांना त्याच आवाजात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं. प्रत्येक हाळी आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत चढते, अगदी टिपेला जाते आणि एकदम तुटते. मग शांतता, आणि पुन्हा खालून सुरुवात. आभाळ भरलं की तो थांबतच नाही, चांदण्या रात्रीही ओरडतो.

पावशा दिसणं मात्र कठीण, आणि दिसला तर नवख्याला तो शिक्रा वाटतो. तसाच राखाडी, पोटावर आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे, उडण्याची ढबसुद्धा ससाण्यासारखी. छोटे पक्षीदेखील फसतात आणि घाबरून ओरडू लागतात. फरक चोचीत बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वाकडी, पावशाची बारीक आणि जवळपास सरळ. शिक्रा लांब पिवळ्या पायांवर ताठ बसतो, पावशा फांदीला आडवा, शेपूट खाली सोडून. जवळपास सातभाईंचा कलकलाट असेल तर पावशा तिथे असण्याचं कारणही कळेल : मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, आणि ते त्यांच्या अंड्यांसारखंच निळं असतं.

ओळखण्याची रीत हीच आहे. रंगाकडे सगळ्यात शेवटी वळा. आधी आकार, आणि तो मोजायला चार ओळखीचे पक्षी मनात ठेवा : चिमणी, साळुंकी, कावळा, घार. दिसलेला पक्षी साळुंकीपेक्षा मोठा की लहान? मग चोच, मग शेपूट, मग तो करतोय काय : जमिनीवर पळतोय, खोडावर चढतोय, तारेवरून झेप घेऊन परत त्याच जागी येतोय? ही शेवटची खूण फार उपयोगी. परत त्याच जागी येणारा हिरवा, बारीक, लांब चोचीचा म्हणजे वेडा राघू. तसाच येणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा म्हणजे कोतवाल. रंग किती फसवतो हे बघायचं असेल तर शिंजीर बघा. ढगांखाली तो नुसता काळा ठिपका असतो. क्षणभर ऊन पडू द्या, तोच जांभळा-निळा झळाळून उठतो.

ओढा ओलांडून माळावर आलात, की मान वर करायची वेळ येते. हवेत उभा चढत जाणारा, मग पंख मिटून दगडासारखा खाली येणारा आणि येताना लांब शीळ घालणारा चिमणीएवढा पक्षी दिसेल. जमिनीला टेकणार असं वाटतं आणि तो पुन्हा वर उसळतो. हा डोंबारी. ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं हा खेळ डोळे भरून पाहिलेला असणार. माळाला आपण पडीक म्हणतो, ओसाड म्हणतो आणि तिथे झाडं लावायला निघतो. पण डोंबारी, मुरारी, पखुर्डी, धाविक, माळटिटवी या सगळ्यांची घरटी उघड्या जमिनीवर आणि खुरट्या गवतातच असतात. त्या जागी गिरिपुष्पाची दाट लागवड झाली की ते जातात, आणि त्यांच्या जागी माळाचा दुसरा कुणी पक्षी येत नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्यांसोबत असा माळ अजून राखलेला आहे. सुरुवातीला एकदा तिथे जाऊन या, म्हणजे चांगला माळ दिसतो कसा हे डोळ्यांत बसेल.

आभाळ भरून आल्यावर

वारा पडतो, मग अचानक थंड झोत येतो, धूळ उठते आणि मातीचा वास. पाऊस तुमच्याआधी दूर कुठे तरी पडलेला असतो, त्याचा हा वारा. इथे माझं सांगणं कडक आहे : पक्षी राहू द्या, आधी विजेचा विचार करा. वैशाखातली वीज दरवर्षी माणसं आणि जनावरं घेऊन जाते, आणि माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

वीज चमकली की आकडे मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आसऱ्याला जायची वेळ झाली. पक्कं घर, शाळा, मंदिर किंवा काचा बंद केलेली मोटार चालेल. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, ते झाड कितीही दाट असलं तरी. पत्र्याची उघडी शेड, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांपासून दूर. ओढ्यातही उतरू नका, वर कुठे पाऊस झाला असेल तर लोंढा इथलं आभाळ कोरडं असतानाही येतो. काहीच गाठता आलं नाही तर टेकाड सोडून सखल जागी जा, पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका, सोबतचे लोक अंतर ठेवून बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय उघड्यावर येऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये असू द्या, आसपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

म्हणूनच वाट आखतानाच आसरा बघून ठेवायचा. मी नेहमी माळाच्या पायथ्याशी एखादं देऊळ येईल अशी वाट धरते. खंडोबाचं किंवा म्हसोबाचं, दगडी, ओसरी असलेलं. त्या ओसरीत बसूनही पुष्कळ दिसतं. पावसाच्या पहिल्या थेंबांना बुलबुल पंख पसरून फांदीवर न्हातात. मोर ओरडतात. भिजलेला पक्षी मात्र ओळखायच्या फंदात पडू नका : पिसं चिकटून तो निम्मा बारीक दिसतो, रंग गडद होतो, तुरा खाली बसतो. वाळेपर्यंत थांबा.

सर ओसरली, आता घाई

वळीव फार वेळ रेंगाळत नाही. वीज दूर गेली आणि ऊन तिरकं बाहेर आलं, की तीन तासांतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास सुरू होतो. बहुतेक लोक नेमके याच वेळी ओले कपडे घेऊन गाडीकडे निघतात. थांबा.

आधी तारा आणि वाळक्या फांद्या बघा. सगळे पंख झाडायला, पिसं सारखी करायला उघड्यावर आलेले असतात. एरवी करवंदाच्या जाळीत दडणारा भारद्वाज वर येऊन लालसर पंख उन्हाकडे पसरून बसतो. वेडे राघू तारेवर खांद्याला खांदा लावून. हे पाचदहा मिनिटं हलत नाहीत. दुर्बीण कशी वापरायची, चोच कशी बघायची, हे सगळं शिकायला याहून चांगली संधी नाही. भिंगांवर वाफ आली असेल तर घासू नका, वाऱ्याला धरा. थेंब असतील तर फडक्यानं नुसते टिपा.

मग जमिनीकडे बघा. वारुळाजवळून, बांधाच्या भेगांतून धूर निघावा तशी पंख फुटलेली वाळवी वर येऊ लागते. माती मऊ झाली की तिच्यातले नर-मादी नवी वसाहत करायला बाहेर पडतात, आणि बातमी माळभर पसरते. पहिला येतो कोतवाल. मग वेडे राघू, भिंगऱ्या, वर पाकोळ्या. घारी येतात आणि उडता उडताच पंज्यात वाळवी धरून, पंजा चोचीशी नेऊन खातात. साळुंक्या, सातभाई, चिमण्या जमिनीवर धावत सुटतात. हवेत किडे पकडणं ज्यांचं रोजचं काम नाही, तेसुद्धा उड्या मारून प्रयत्न करतात. वीस पावलांच्या वर्तुळात दहा-बारा जातींचे पक्षी, तेही एकाच खाण्यावर, त्यामुळे प्रत्येकाची पद्धत शेजारीशेजारी दिसते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वहीत एक ओळही लिहिली नाही, नुसती बघत उभी राहिले. तुम्हीही पहिल्या वेळी लिहू नका. अशा वेळी वारुळापासून तीस-चाळीस पावलांवर बसून राहायचं. बसलेल्या माणसाला पक्षी लवकर विसरतात.

तिसरी जागा म्हणजे वाटेवरची डबकी. लालबुड्या भिंगऱ्या तिथे उतरतात, चोचीत चिखलाची गोळी घेतात आणि जातात. कुठल्या दिशेनं जातात ते नजरेनं धरा. बहुतेक वेळा जवळच्या मोरीकडे किंवा पुलाखाली. छताला चिखलाच्या शेकडो गोळ्या जोडून केलेलं, आडव्या सुरईसारखं घरटं तिथे असेल. लांबूनच बघा.

नांगरलेल्या रानात गायबगळे असतील. थंडीत पांढरेशुभ्र दिसणारे हे बगळे आता डोकं, मान आणि पाठीवर केशरी झालेले असतात. ओल्या ढेकळांतले किडे टिपत ते बैलांच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे चालतात.

घरटी

माळावरून चालताना ‘टिटीव्-टिव्’ असा आरडाओरडा करत टिटवी डोक्यावरून फिरू लागली, तर तिथेच थांबा. तिची अंडी जवळ आहेत. घरटं असं काही नसतं, जमिनीतली एक उथळ खळगी, भोवती चार खडे, आणि मातीच्याच रंगाची, काळे डाग असलेली बहुधा चार अंडी. पायाखाली आली तरी दिसत नाहीत. आल्या वाटेनं, पावलावर पाऊल ठेवून मागे फिरा.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी जास्त. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं अंडी गार करते. आपण फोटोसाठी तिला वैशाखाच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं उठवून ठेवलं, तर आतलं पिल्लू भाजून मरू शकतं. एकदा मेंढरं घेऊन चाललेले एक मामा मला लांबूनच म्हणाले, ‘ताई, त्या पांढऱ्या दगडापाशी जाऊ नगा. टिटवी बसलीया. म्या मेंढरं बी तिकडनं नेत न्हाई.’ शंभरेक मेंढरांचा कळप ते तेवढ्यासाठी वळसा घालून नेत होते. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला, असा समजही त्यांच्याकडूनच ऐकला.

रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवर वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात नर त्याला घुसखोर समजतो आणि घरटं, खाणं सोडून भांडायला येतो. घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाही आहे. वादळात घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं, तर मात्र अलगद उचलून घरट्यात किंवा जवळच्या फांदीवर ठेवायला हरकत नाही. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात, हे खरं नाही. गारांनी जखमी झालेला पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी घालू नका. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा.

नोंद आणि परतीची वाट

तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, पाऊस किती वाजता आला, कुठला पक्षी, किती, काय करत होता. एवढं त्याच दिवशी लिहा. नाव येत नसेल तर चित्र काढा, ते सुबक नसलं तरी चालेल : चोचीची लांबी, डोळ्यावरची रेघ, पट्टे कुठे आहेत. ‘नाव माहीत नाही’ ही नोंद चुकीच्या नावापेक्षा मोलाची. नावांचा गोंधळही होईल. माझा भारद्वाज कोकणातल्या माझ्या मैत्रिणीचा कुकुडकोंबा आहे. गावात मिळालेलं नाव वहीत जरूर लिहा, पुस्तकातलं नाव पुढे सापडेल. मोबाइलवर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या ॲपमध्ये यादी भरायची सवयही लागू द्या. मे महिन्यात दुसऱ्या शनिवारच्या सुमारास ‘ग्लोबल बिग डे’ असतो. त्या दिवशी जगभरातले लोक आपापल्या याद्या भरतात, त्यात तुमच्या माळाचीही जाऊ द्या. आवाज ओळखणारं मर्लिन ॲप सोबतीला चांगलं आहे, पण त्यानं सांगितलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत घेऊ नका.

पहिल्या दिवशी पंधरा जाती ओळखल्यात तर उत्तम. त्यातल्या पाच जरी पक्क्या झाल्या, तरी पुढच्या वेळी त्यांच्यावर वेळ जाणार नाही. पुढची वेळ लांबवू नका. हीच वाट जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा चाला. तोवर आफ्रिकेकडून चातक येऊन पोचलेला असतो. वर काळा, खाली पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरी टिकली. तो नुसत्या पावसाच्या थेंबांवर जगतो असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात तुम्हाला तो बोरीच्या झाडावर केसाळ सुरवंट गिळताना दिसेल.

आणि आज परतताना गाडी हळू चालवा. दिवस मावळला की रातवे तापलेल्या डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात आणि ते अगदी शेवटच्या क्षणी उडतात. कडेला गाडी घ्या, दिवे आणि इंजिन बंद करा, काच खाली करा. टेबल टेनिसचा चेंडू टेबलावर पडून जलद टप्पे घेत थांबावा, तसा आवाज माळावरून येईल. वहीत शेवटची ओळ त्याची लिहा, वेळेसकट.